विहिरीतून तिला काढलं कोणी

पोथीला नावं ठेवू नयेत म्हणतात. ठेवणाऱ्याची जीभ झडते, पुढच्या जन्मी तो वटवाघूळ होतो. शेवटच्या पानावर हे लिहिलेलंच असतं: ऐकणाऱ्याला धनधान्य आणि पुत्र, निंदणाऱ्याला नरक. मी जन्मभर नावं ठेवली. माझी जीभ जागच्या जागी आहे, हे आमच्या घरातलं कोणीही सांगेल, आणि जरा वैतागूनच सांगेल.

मी गोष्टींच्या पोथ्यांबद्दल बोलते आहे, एवढं आधीच सांगून ठेवते, नाहीतर कोणीतरी शास्त्रीबुवा काठी टेकत यायचे. वेद, शास्त्रं त्यांची त्यांना लखलाभ. पण एक राजा होता, एक वाणी होता, त्याचा मुलगा तारवात बसून परमुलखात गेला, अशा ज्या कथा कोणी बुवा ओव्यांत रचतात आणि कोणी लेखक पोटासाठी उतरवून देतात, त्या माणसांनी माणसांसाठी केलेल्या. आमटी खारट झाली तर जेवणारा सांगतो ना? मग गोष्ट बिघडली तर ऐकणारीने का सांगू नये? ह्याला आजवर कोणी मला धड उत्तर दिलेलं नाही. डोळे वटारले, पण उत्तर नाही.

मला वाचता येतं. माझे वडील कसब्यात राहून लोकांना पोथ्या उतरवून देत. त्यांचे डोळे लवकर अधू झाले. मग मूळ पोथी वाचायची मी, आणि ऐकून लिहायचे ते. अक्षर त्यांचं, डोळे माझे. माझ्या बरोबरीच्या मुली भातुकली खेळत, तेव्हा मी राक्षसांच्या आणि राजकन्यांच्या गर्दीत बसलेली असे. लग्न होऊन शनिवार पेठेत आले, आणि पहिल्याच दिवाळीच्या आत सासूबाईंना हे कळलं.

बाईने अक्षर वाचलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं पेठेतल्या थोरामोठ्यांचं ठाम मत होतं. इकडची स्वारी ह्या घटकेला माझ्या शेजारी बसून सुपारी कातरते आहे. केस पिकले, दात हलले, पण साधा खोकला म्हणून नाही. तरी मत ते मत. तेव्हा इकडचं काम फौजेबरोबर दफ्तर सांभाळत हिंडण्याचं. श्रीमंतांची स्वारी मुलखावर निघाली की कारकुनांनाही घोड्यावर बसावं लागे. वर्षाचे बरेच महिने घरात आम्ही बायका आणि मामंजी. मामंजीही दफ्तरातलेच, पण उतारवयामुळे घरी बसलेले.

सासूबाईंना गोष्टीचं व्यसन होतं, कोणाला तपकिरीचं असतं तसं. देवळातल्या पुराणिकबुवांचं ऐकून त्यांचं भागत नसे. बुवा ऐन रंगात थांबून उपदेश करीत. राजपुत्र कड्याला लोंबकळतोय आणि बुवा संसार असार आहे म्हणून सांगताहेत! "अहो, आधी त्याला वर तरी घ्या," असं सासूबाई घरी येऊन पुटपुटत. शेवटी त्यांनीच तोड काढली. दुपारची जेवणं आटोपली की माजघरात बायका वाती वळायला जमत. माझ्यापुढे परात, परातीत पोथी, आणि पोथीभोवती कापसाचा ढीग. पान उलटायचं झालं की मी कापूस सारखा करतेय असं दाखवायचं. बाहेर सांगायचं की सूनबाईला सगळं तोंडपाठ आहे. लोकांनाही ते चाललं. तोंडपाठ म्हणणारीचा नवरा मरत नाही, वाचणारीचाच मरतो.

किती पोथ्या मी त्या परातीतून वाचल्या! वडिलांकडून येत, त्यांच्या ओळखीच्या लेखकांकडून येत, काम झालं की परत जात. समाप्ती झाली की त्या दिवशी खरी मौज. कोणाला काय आवडलं, काय नाही, ह्यावरून अशी भांडणं जुंपत की बाहेरून मामंजी खाकरून गप्प बसा म्हणून सुचवत.

माझी सगळ्यांत लाडकी एका वाण्याच्या सुनेची गोष्ट. नवरा तारवातून गेला तो गेलाच. तिनं दुकान चालवलं, सासू-सासऱ्यांना सांभाळलं, आणि बारा वर्षांनी दाढीजटा वाढलेला एक माणूस दारात येऊन म्हणाला, मीच तो. सगळे त्याच्या गळ्यात पडले. ही म्हणाली, थांबा, आधी ह्याला जेवायला वाढते. त्याने भाकरी खाल्ली, काठ तेवढा टाकला, आणि तो ताटातला काठ बघून ती मटकन खाली बसली. रचणाऱ्याने तिथे एकही उपमा घातली नव्हती. चंद्र नाही, कमळ नाही. नुसता भाकरीचा काठ. मी ती वाचताना मधेच थांबून डोळे पुसायला लागले, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, पुढे वाच, कापूस भिजतोय."

आणि सात राण्यांची ती पोथी! जळलं मेलं ते पुराण. नमनाला घडाभर तेल. राण्या सात, पण एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. सगळ्या चंद्रमुखी, सगळ्या रडक्या. राजवाड्याचं वर्णन तर संपेच ना. सासूबाईंना डुलकी लागली, त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "अजून वाडाच चाललाय का गं?" मी म्हटलं, "आत्ता कुठे दिंडीदरवाजातून आत शिरलोय." त्या पुन्हा झोपल्या. ती पोथी ज्याने रचली त्याला मी कधी भेटले नाही, हे त्याचं नशीब.

माझ्याइतकीच फटकळ मतं घरात आणखी एकीची होती, आमच्या वन्संची. इकडच्या धाकट्या बहीण त्या, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. लग्न झालं तरी लहान म्हणून बरीच वर्षं माहेरीच होत्या. एका पोथीत चेटकीण राजपुत्राचा पोपट करते आणि राजकन्या पिंजऱ्यापाशी बसून रडते. सगळ्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. वन्सं म्हणाल्या, "पोपटच राहू द्यायचा की. निदान संध्याकाळी पिंजऱ्यावर फडकं तरी टाकता येतं." काकूंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. सासूबाई तोंडाने रागावल्या आणि पदराआड हसल्या.

अशा आमच्या वन्सं. मग त्यांना सासरी पाठवलं. लोणी काळभोरच्याही पलीकडे गाव, घरी कुलकर्णपण, मळा, गुरंढोरं, धान्याने भरलेली पेवं. लोक म्हणाले, पोरीने नशीब काढलं.

दोन वर्षांनी दिवाळीला माहेरपणाला आल्या, त्या वन्सं नव्हेतच. विचारलं तर बोलायच्या, नाहीतर नाही. मी वाचायला बसले की येऊन बसत, पण कुठली गोष्ट आवडली, कुठली नाही, काही नाही. कोठीतून तांदूळ काढून आणायला सांगितलं की दाराशी जाऊन थांबत. आत पाऊल टाकत नसत. एकदा मी मागून गेले तर त्यांचा श्वास असा चालला होता जणू कोणी पर्वती पळत चढून आलंय. "काय झालं?" म्हटलं, तर "काही नाही, वहिनी," म्हणून निघून गेल्या. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहेरची सवय मोडली, सासरची लागली. होईल ठीक." आणि सूप आपटायला लागल्या.

दिवाळी संपली, तुळशीचं लग्न झालं, तरी वन्सं जायचं नाव काढीनात. सासरहून निरोप आला, पुन्हा आला. वन्सं एकच म्हणत: मला नाही जायचं. का, ते सांगत नव्हत्या. मामंजी येरझाऱ्या घालत. लेक घरी ठेवून घेणं म्हणजे चार लोकांत मान खाली. लेक म्हणजे परक्याचं धन, असं म्हणत का होईना, पण कोणीतरी तिचा दंड धरून तिला गाडीत बसवायचं, हे सगळ्यांना दिसत होतं. फक्त तो हात आपला नसावा, असं प्रत्येकाला वाटत होतं.

मग मार्गशीर्षात वन्संचे चुलत सासरे आले, आणि बरोबर एक पोथी घेऊन आले. त्यांच्या गावच्या कोणा बुवांनी रचलेली, एका सोशिक बायकोची कथा. ओसरीवर बसून ते मामंजींना म्हणाले, "मुलीचं मन जरा भरकटलंय. हिच्या नावानं संकल्प सोडा, ही पोथी लावा. समाप्तीला मी गाडी घेऊन येतो. सगळं रीतसर होऊ दे. पोथी पावली असं तिनं तिच्या तोंडानं सांगितलं की ना तुम्हाला घोर, ना आम्हाला."

हे पावण्याचं सांगायला हवं. आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या नावाने पोथी लावली त्याने समाप्तीच्या दिवशी मुठीत अक्षता धरायच्या. घरातल्या वडीलधाऱ्याने विचारायचं, "पोथी पावली का?" त्याने म्हणायचं, "पावली." असं तीनदा. मग अक्षता पोथीवर पडणार, पोथी बांधली जाणार आणि नैवेद्य होणार. एकदा पावली म्हटलं की त्या पोथीत जे सांगितलंय ते आपल्याला मान्य, असा त्याचा अर्थ. आता इतक्या वर्षांत कोणी विचार करून पावली म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं. शिऱ्याचा वास सुटलेला असतो, सगळे घाईत असतात. पण चुलत सासऱ्यांना ते चार माणसांसमोर हवं होतं. एकदा पोरीने तोंडाने पावली म्हटलं की पुढे सासरी काहीही होवो, माहेरी येऊन रडायला तिला तोंड उरणार नाही. मोठे हुशार गृहस्थ.

आणि वाचणार कोण? मीच. म्हणजे वन्संना गाडीत बसवणारा तो हात माझाच ठरला होता, फक्त कापसाच्या ढिगाखालून.

दुसऱ्याच दुपारी पोथी लावली. आणि काय पोथी! एक बाई, तिला नाव नाही, रूप तेवढं आहे. तिचा नवरा तापट. तो उठता-बसता शिव्या देतो, ताट भिरकावतो, ही उचलते. शिव्यांखेरीज त्याच्या तोंडी एक वाक्य नाही, आणि 'क्षमा असावी'खेरीज तिच्या तोंडी. ना शेंडा ना बुडखा. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो तिला विहिरीत ढकलून देतो, आणि चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला ही चुलीपाशी बसून त्याच्यासाठी पुरण वाटते आहे.

मी थांबले. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं.

"काय गं?" सासूबाई म्हणाल्या.

"तिला विहिरीतून काढलं कोणी?"

"म्हणजे?"

"अहो, तिसऱ्यात ती विहिरीत पडली. आता पुरण वाटतेय. मधे वर कशी आली? ओली होती की कोरडी? किती वेळ आत होती? काहीच नाही लिहिलेलं. रचणारा विसरलाच की तिला आत टाकून!"

काकू हसल्या. वन्संचा वात वळणारा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुष्कळ दिवसांनी सरळ पाहिलं.

"नावं ठेवू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "ही पोथी आपल्याला पावून घ्यायची आहे. पुढे वाच."

पुढे वाचली. काय करणार? शेवटी त्या बाईच्या सहनशीलतेवर आकाशातून फुलं पडतात. नवरा फुलं वेचतो आणि पुन्हा शिवी देतो. इति समाप्त. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी वाईट पोथ्या वाचल्या होत्या, कंटाळवाण्या वाचल्या होत्या, पण लबाड पोथी ही पहिलीच. सात राण्यांवाला निदान झोप तरी आणत होता. हा माणूस विहिरीचा काठ तेवढा दाखवून आपल्याला पुढे ढकलत होता, की बघू नका, तिथे बघण्यासारखं काही नाही, चला पुरणाकडे.

समाप्तीच्या दिवशी सकाळीच चुलत सासऱ्यांची गाडी दारात लागली. वाटेत मांजरी गावी मुक्काम करून आले होते, बैल ताजे होते. वन्संचं गाठोडं सासूबाईंनी स्वतः बांधून उंबऱ्यापाशी ठेवलं होतं. पुरुषमंडळी सोप्यात, आम्ही माजघरात, मधलं दार उघडं. वन्संना उंबऱ्याशी पाटावर बसवलं, म्हणजे त्यांचा आवाज दोन्हीकडे ऐकू यावा. त्यांच्या मुठीत अक्षता दिल्या. मी शेवटचा अध्याय संपवला. शिरा तयार होता.

मामंजींनी सोप्यातून विचारलं, "पोथी पावली का?"

वन्संनी अक्षतांची मूठ घट्ट आवळली.

"मुली, पोथी पावली का?"

"एक शंका आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण फुटला नाही. "तिला विहिरीतून काढलं कोणी?"

सोप्यातून चुलत सासरे हसले. "अगं, ते सगळं पोथीत आहे. मोठा अध्याय आहे एक. तुमच्या सूनबाईंच्या पाठांतरातून निसटला असेल. तोंडपाठ म्हणणाऱ्या बायकांचं हे असंच, पदराला खार लागतो तो ऐकणाऱ्याच्या. असो. पावली म्हण आणि ऊठ, उन्हं वर आली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती सोपं होतं! हो, चुकलं माझं, विसरले, एवढं म्हटलं असतं की झालं. पोथी पुरी, शंका फिटली, वन्सं गाडीत. आणि माझं वाचणं झाकलेलं ते झाकलेलंच राहिलं असतं. सासूबाई माझ्याकडे बघून मान हलवत होत्या: नको, नको. शेजारच्या काकू तिथेच होत्या. काकूंना कळलं की संध्याकाळपर्यंत पेठेला कळणार. फौजेत काही बरंवाईट झालं तर जन्मभर माझ्या कपाळावर लिहिलं जाणार की हिने वाचलं म्हणून.

पण माझं पित्त खवळलं होतं. चोर तो चोर, वर शिरजोर! पोथी ह्यांची भोकाची, आणि विसरभोळी मी!

मी परातीतला कापूस दोन्ही हातांनी बाजूला केला, पोथी उचलली आणि उठून मधल्या दारात उभी राहिले. सासऱ्यांपुढे असं उभं राहायची रीत नव्हती. डोक्यावरचा पदर तेवढा सारखा केला.

"मला तोंडपाठ नाही," मी म्हटलं. "मी वाचते. लग्नाआधीपासून वाचते. जे लिहिलंय तेच वाचलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला? ही तिसऱ्या अध्यायाची पानं, ही चौथ्याची. पानांवर अंक घातलेले आहेत. मधलं एक जरी पान गळलं असेल तर मी पुन्हा कधी पोथीला हात लावणार नाही."

चुलत सासरे माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागले, जणू म्हशीने उठून आरती म्हटली. "बाईमाणूस वाचतं? आपल्या घरात?" ते मामंजींना म्हणाले.

मामंजींनी हात पुढे केला. मी पानं दिली. जन्म दफ्तरात गेलेला माणूस. कागद हातात आला की त्यांना बाकी जग दिसत नसे. त्यांनी पानं उजेडाकडे धरली, अंगठ्याने एकेक सरकवलं, पुन्हा एकदा सरकवलं, आणि म्हणाले, "अंक सलग आहेत."

एवढंच. सून वाचते ह्यावर एक अक्षर नाही. आज मला वाटतं, त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक असणार. घराला इतक्या वाती कधी लागतात?

"बरं, नसेल लिहिलं," चुलत सासरे म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "त्यात काय लिहायचं? देवानं काढलं. सोसणाऱ्याला देव काढतोच."

"मला देवानं नाही काढलं," वन्सं म्हणाल्या.

मी वळले. त्या पाटावरून उठल्या नव्हत्या. मूठ तशीच, अक्षता तशाच.

"मला पेवात उतरवलं. ज्वारी काढायला म्हणून. मी खाली गेल्यावर घरच्यांनी वर शिळा ओढली. माझी चूक काय होती ते मला अजून ठाऊक नाही. ताक आंबट होतं म्हणाले."

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं. आतली हवा कोंडलेली असते. शेतकरी आधी दिवा सोडून बघतात, आणि दिवा विझला तर कोणी आत उतरत नाही. हे सोप्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मामंजींनी हातातली पानं खाली ठेवली.

"मी हाका मारल्या. मग हाका मारायला श्वास पुरेना. गोठ्यातल्या गड्याची बायको शेण भरायला आली होती, तिनं ऐकलं. तिनं एकटीनं शिळा सरकवली. दोर नव्हता. तिनं अंगावरचं लुगडं सोडून खाली टाकलं आणि मला वर ओढलं. उघडी उभी राहून ओढलं तिनं मला. दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या नवऱ्याला ह्यांनी गावाबाहेर काढलं." वन्संनी चुलत सासऱ्यांकडे बोट केलं. थोरल्या माणसाकडे सरळ बोट. "तिला तुमच्या पोथीत घाला. मग मला पोथी पावेल."

कोणी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

चुलत सासरे उठले. पोरीबाळींचं काय ऐकता, सुनेनं हिला फितवलं, वाचणाऱ्या बाईच्या घरात दुसरं काय होणार, असं बरंच बोलले. पेवाचं मात्र खोटं आहे असं म्हणाले नाहीत. ते मी कान देऊन ऐकत होते, एकदाही म्हणाले नाहीत. मामंजींनी त्यांचं सगळं बोलून होऊ दिलं. मग पानं नीट जुळवली, फडक्यात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली.

"अहो, शिरा झालाय, खाऊन निघा," ते म्हणाले. "गाडीत जागा पुष्कळ आहे. पाय पसरून जाल."

गृहस्थ शिरा न खाताच गेले. काकूही घाईने उठल्या; त्यांना त्या दिवशी चार घरी जायचं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. जाऊ दे म्हटलं, सांगू दे. वाचते तर वाचते. आत लपून वाचण्यात माझी अर्धी मान आखडली होती.

वन्सं तशाच बसून होत्या. मी त्यांची मूठ उघडली तेव्हा अक्षतांचा घामाने लगदा झाला होता. मी तो तुळशीत टाकला आणि त्यांना हाताला धरून उठवलं. रडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "वहिनी, फार रद्दड पोथी होती गं." मी म्हटलं, "रद्दड? अहो, तिला रद्दड म्हटलं तर रद्दड पोथ्यांना राग येईल." आणि मग त्या हसता हसता रडल्या, आणि मीही.

दिवेलागणीला सासूबाई समईत तेल घालत होत्या. गाठोडं उंबऱ्यावरून उचलून त्यांनीच आत नेलं होतं, सोडलं होतं, लुगडी घडी घालून ठेवली होती. मी वाती घेऊन गेले. मला वाटलं आता माझी हजेरी घेतील, बाहेरच्या माणसापुढे उभी राहिलीस म्हणून, आणि मीही कंबर कसूनच गेले होते.

"तू मला सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "ती कोठीच्या दाराशी थांबते ते."

"हो."

"तू सांगायच्या आधीच मी ते पाहिलं होतं." समई काठोकाठ भरली तरी त्यांचा हात थांबेना, तेल खाली ओघळायला लागलं. "मला कळलं नव्हतं असं नाही गं. मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिला ठेवून घ्यावं लागलं असतं."